रॉबिन्सन क्रूसोचं एकटेपण : थोडा अभ्यास, थोडं होस्टेल

'रॉबिन्सन क्रूसो' ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना संक्षिप्त पुस्तकातून वाचलेली असते. जहाज फुटतं, बाकीचे सगळे बुडतात, एकटा माणूस निर्जन बेटावर वाहत येतो आणि तिथे २८ वर्षं काढतो. डॅनियल डिफो या इंग्रज लेखकाने ही कादंबरी १७१९ साली लिहिली. आम्ही देगलूरची माणसं समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब. आमच्या लेंडी नदीत उन्हाळ्यात कागदाची होडीसुद्धा धड पुढे सरकत नाही. तरीपण ही गोष्ट आम्हाला आवडायची, कारण त्यात एक माणूस सगळं स्वतःच्या हाताने करतो.

इंजिनिअरिंगला आल्यावर हीच कादंबरी पूर्ण वाचली तर ती आपल्याच सिलॅबसमधली वाटते. फुटक्या जहाजातून हत्यारं काढून आणणं, कुंपण घालणं, मातीची मडकी भाजून बघणं आणि ती फुटली की परत भाजणं, हे सगळं वर्कशॉपच आहे. त्यातला होडीचा किस्सा तर प्रोजेक्ट प्लॅनिंगच्या पहिल्याच लेक्चरला सांगावा असा आहे. क्रूसो एक प्रचंड झाड तोडतो, कित्येक महिने राबून त्याची होडी कोरतो आणि मग त्याच्या लक्षात येतं, की ही पाण्यापर्यंत न्यायची कशी याचा विचारच केलेला नाही! होडीपर्यंत कालवा खणावा म्हणून तो हिशोब करतो, तर एकट्याला दहा-बारा वर्षं लागतील असं उत्तर येतं. होडी तिथेच पडून राहते.

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय होडी नाही. इतकी वर्षं एकटं राहिल्यावर त्या माणसाच्या मनाचं काय होतं, आणि डिफोने ते कितपत खरं लिहिलं आहे, हे आपल्याला पाहायचं आहे.

बेटावर आल्या आल्या क्रूसो एक खांब रोवतो आणि रोज त्यावर सुरीने एक खाच पाडतो. हे कॅलेंडर. मग तो रोजनिशी लिहायला लागतो. शाई संपत येते तेव्हा तिच्यात थोडं थोडं पाणी घालून ती पुरवतो, शेवटी अक्षरं दिसेनाशी होतात आणि रोजनिशी थांबते. त्याआधी तो एक फार चांगली गोष्ट करतो. व्यापारी जमाखर्च मांडतो तसा तो आपल्या परिस्थितीचा जमाखर्च मांडतो. एका बाजूला वाईट, एका बाजूला चांगलं. म्हणजे एकीकडे आपण इथे अडकलो, तर दुसरीकडे जिवंत तरी आहोत. आजकाल समुपदेशक पेशंटला कागदावर लिहून काढायला सांगतात, ते हेच.

आणि त्याचा पोपट. क्रूसो एका पोपटाला बोलायला शिकवतो. एकदा तो छोट्या होडीतून फिरायला जातो, प्रवाहात सापडून मरता मरता वाचतो आणि दमून झोपी जातो. झोपेत त्याला कोणीतरी नावाने हाक मारतं, अरे तू कुठे आहेस, कुठे होतास असं विचारतं. तो दचकून उठतो. तो पोपट असतो. ते शब्द म्हणजे क्रूसो रडक्या सुरात त्याच्याशी जे बोलायचा तेच. मला विचाराल तर अख्ख्या कादंबरीत इतकी केविलवाणी जागा दुसरी नाही. माणसाला अन्न मिळालं, निवारा मिळाला, तरी आपल्याला कोणीतरी 'कुठे होतास' असं विचारणारं लागतंच. नाही मिळालं तर तो ते तयार करतो. 'कास्ट अवे' (२०००) या सिनेमात टॉम हँक्सने व्हॉलीबॉलवर चेहरा काढून त्याचं नाव विल्सन ठेवलं, तेव्हा होस्टेलच्या टी.व्ही. रूममध्ये आधी सगळे हसतात. तो बॉल समुद्रात वाहून जातो तेव्हा मात्र कोणी हसत नाही. पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने हेमिंग्वेची जी कादंबरी मराठीत आणली, त्यातला म्हाताराही भर समुद्रात माशाशी, पाखराशी, इतकंच काय तर वळ आलेल्या स्वतःच्या हाताशी बोलतो.

आता खऱ्या माणसाकडे येऊ. क्रूसोमागे एक खरा माणूस होता असं मानतात. अलेक्झांडर सेलकर्क नावाचा स्कॉटिश खलाशी. आपलं जहाज गळकं आहे, ते बुडणार, असं म्हणून त्याने १७०४ साली कप्तानाशी भांडण केलं आणि मला इथेच उतरवा म्हणाला. कप्तानाने खरोखरच उतरवलं. जागा म्हणजे चिलीच्या किनाऱ्यापासून सहाशेहून जास्त किलोमीटर लांबचं एक बेट. (ते जहाज पुढे बुडालं, म्हणजे सेलकर्कचं इन्स्पेक्शन बरोबर होतं.) चार वर्षं चार महिने तो तिथे एकटा राहिला. पहिले आठ महिने त्याला उदासीने घेरलं होतं. भूक अगदी असह्य झाली की मगच खायचा, आणि दिवसभर जहाजाची वाट बघत किनाऱ्यावर बसायचा. पुढे तो सावरला. बायबल मोठ्याने वाचायला लागला, रात्री पाय कुरतडणाऱ्या उंदरांसाठी त्याने मांजरं माणसाळवली, बकऱ्यांमागे पळून पळून अंगाने काटक झाला. १७०९ मध्ये वुड्स रॉजर्स या कप्तानाने त्याला सोडवलं तेव्हा हा माणूस बकऱ्याच्या कातड्यात होता, आणि रॉजर्सने नोंदवून ठेवलं आहे की त्याची भाषा वापराअभावी इतकी गेली होती, की तो शब्द अर्धे अर्धेच बोलत होता.

इथे डिफोने थोडी लबाडी केली आहे असं माझं मत आहे. खरा सेलकर्क चार वर्षांत अर्धे शब्द विसरला, आणि कादंबरीतला क्रूसो पंचवीस वर्षांनी फ्रायडेला धर्मशास्त्र शिकवतो! भाषा ही काही सायकल नाही, की एकदा आली म्हणजे आली. ती समोरच्या माणसावर चालते. आपल्याकडचंच बघा. देगलूरचा मुलगा घरी मराठी, बाजारात तेलुगू, मित्रांत हिंदी-उर्दू असं सगळं सहज बोलत असतो. तोच पुण्या-मुंबईकडच्या पोरांच्या रूममध्ये पडला, 'येऊलालो', 'करूलालो' म्हणाला आणि दोनदा हसं झालं, की तिसऱ्यांदा तो बोलतच नाही. पंधरा दिवसांत 'हो', 'नाही' आणि 'ठीक आहे' एवढ्यावर येतो. बेट लागत नाही त्याला.

पण डिफोला एक गोष्ट मात्र अचूक कळली होती, आणि तिच्यासाठी त्याला शंभर गुन्हे माफ. बेटावर येऊन सुमारे १५ वर्षं झाल्यावर क्रूसोला एक दिवस वाळूत एका उघड्या पायाचा ठसा दिसतो. पंधरा वर्षं हा माणूस माणसासाठी तळमळला. म्हणजे ठसा दिसल्यावर तो आनंदाने नाचायला पाहिजे. तो काय करतो? तो विजेचा झटका बसल्यासारखा उभा राहतो आणि मग घराकडे पळत सुटतो. प्रत्येक झाडाझुडपात त्याला माणूस दिसतो. रात्रभर झोप नाही. आपली कुंपणं मोडून टाकावीत, बकऱ्या रानात सोडून द्याव्यात, म्हणजे इथे कोणी राहतं हे कळणारच नाही, असे विचार त्याच्या डोक्यात येतात. त्यानंतर कितीतरी काळ तो त्या भीतीतच जगतो. कादंबरीत पुढे नरभक्षक येतात म्हणून त्याची भीती खरी ठरते ते सोडा. त्या दिवशी त्याने बघितला होता फक्त एक ठसा.

एकटेपणाचा सगळ्यात वाईट परिणाम हाच आहे. ते माणसाला दुःखी करतं हे तर आहेच, पण ज्याची त्याला गरज आहे त्याचीच भीती घालतं.

मानसशास्त्रातही आता या विषयावर बरंच काम झालं आहे. शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो यांनी अनेक वर्षं एकाकीपणाचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की भूक आणि तहान हे जसे शरीराचे इशारे, तसाच एकाकीपणा हाही इशाराच आहे, माणसांकडे जा असं सांगणारा. पण तो इशारा फार दिवस वाजत राहिला की मेंदू सावधगिरीच्या अवस्थेत जातो. समोरच्याच्या चेहऱ्यावरची नापसंती आधी दिसते, साधं वाक्य टोमण्यासारखं ऐकू येतं, आणि माणूस अजून मागे सरकतो. एम.आय.टी.मध्ये ४० जणांना दहा तास माणसं आणि फोन यांपासून दूर ठेवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. माणसं एकत्र हसतबोलत असल्याची चित्रं दाखवल्यावर मेंदूच्या आतल्या त्याच भागात हालचाल दिसली, जिथे दहा तास उपाशी ठेवलेल्यांना जेवणाचे फोटो दाखवल्यावर दिसली होती. म्हणजे 'माणसांची भूक' हा नुसता वाक्प्रचार राहिलेला नाही. वेळेचंही भान जातं. मिशेल सिफ्र हा फ्रेंच संशोधक १९६२ साली घड्याळ न घेता गुहेत दोन महिने एकटा राहिला. १४ सप्टेंबरला बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशोबाने २० ऑगस्ट होता. क्रूसोच्या खांबावरच्या खाचा उगाच नव्हत्या.

आता आपल्या जवळची गोष्ट, कारण पुढच्या कथेतली एक बोट मुंबईची आणि दोन गोव्याच्या आहेत.

१९६८ साली इंग्लंडमध्ये 'गोल्डन ग्लोब' नावाची स्पर्धा जाहीर झाली. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा. तोपर्यंत हे कोणीच केलेलं नव्हतं. नऊ जण निघाले, पूर्ण केली एकाने. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची 'सुहेली' ही ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत कुलाब्याला आपल्याकडच्या सुतारांनी हाताच्या हत्यारांनी बांधलेली. निघाल्यावर अडीचेक महिन्यांतच त्याचा रेडिओ बंद पडला. नोव्हेंबर १९६८ ते एप्रिल १९६९ या काळात तर तो जिवंत आहे की नाही हेही कोणाला ठाऊक नव्हतं. ३१२ दिवसांनी तो परत आला. निघण्यापूर्वी आणि आल्यावर मानसोपचारतज्ज्ञाने त्याला तपासलं आणि दोन्ही वेळा निष्कर्ष एकच, अगदी नॉर्मल.

त्याच स्पर्धेत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर होता. जन्म आपल्याच देशातला, गाझियाबादचा, १९३२ सालचा. कर्ज काढून, घाईघाईत बोट बांधून, शेवटच्या मुदतीच्या दिवशी तो निघाला. बोट गळायला लागली. पुढे दक्षिणेच्या महासागरात गेलो तर मरणार, आणि परत फिरलो तर कर्जबाजारी होणार, हे त्याला कळलं होतं. मग डिसेंबरपासून तो रेडिओवरून आपली खोटी ठिकाणं कळवायला लागला. घरी वाटत होतं गडी सुसाट चाललाय, आणि हा अटलांटिकमध्येच फिरत होता. पकडलं जाऊ नये म्हणून जानेवारीपासून जवळजवळ तीन महिने त्याने स्वतःहून रेडिओ बंद ठेवला. दोन लॉगबुकं लिहायची, एक खरं, एक खोटं. शेवटी बाकीचे गळाले आणि सर्वांत वेगवान म्हणून बक्षीस यालाच मिळणार असं दिसायला लागलं. म्हणजे सगळे कागद तपासले जाणार. शेवटच्या काही दिवसांत त्याने जवळजवळ २५,००० शब्दांचा असंबद्ध मजकूर लिहिला. १० जुलै १९६९ ला बोट सापडली, त्यात तो नव्हता. त्याने समुद्रात उडी घेतली असावी असं मानलं जातं. नॉक्स-जॉन्स्टनने आपलं पाच हजार पौंडांचं बक्षीस त्याच्या बायकामुलांना देऊन टाकलं.

आता ही तुलना नीट बघा. ज्याचा रेडिओ बिघडला तो शाबूत राहिला, आणि ज्याचा रेडिओ चालू होता तो आतून मोडला. समुद्र दोघांना सारखाच होता. फरक एवढाच, की पहिल्याकडे लपवायचं काही नव्हतं. क्रोहर्स्टला रेडिओवर बोलता येत होतं पण खरं बोलता येत नव्हतं, आणि मला वाटतं खरा निर्जन प्रदेश तिथे सुरू होतो.

आपल्याकडे हा विचार प्रत्यक्षात आणला तो व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीला राहत. भारतीय माणसाने एकट्याने सागर परिक्रमा करावी हा त्यांचा ध्यास. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. त्यांनी नॉक्स-जॉन्स्टनचं मार्गदर्शन घेतलं. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात ५६ फुटी 'म्हादई' बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून, चार ठिकाणी थांबे घेत, मे २०१० मध्ये ते परत आले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. क्रूसोसारखे ते अचानक एकटे पडले नव्हते, तीन वर्षं तयारी करून एकटे झाले होते, आणि किनाऱ्यावर त्यांची खुशाली विचारणारी माणसं ठरलेली होती. त्यांपैकी एक अभिलाष टॉमी. टॉमींनी पुढे २०१२-१३ मध्ये त्याच म्हादईवरून कुठेही न थांबता ही फेरी केली.

पन्नास वर्षं झाली म्हणून २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब पुन्हा भरवली गेली. सुहेलीच्या नमुन्यावर गोव्यात बांधलेली 'तुरीया' घेऊन टॉमी उतरले. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर मार बसला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी छोटे छोटे संदेश पाठवले, की चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल. बस, एवढंच. सगळं ठीक आहे असं नाही कळवलं. २४ सप्टेंबरला फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पाठीवर मोठी शस्त्रक्रिया झाली, आणि २०२२-२३ च्या स्पर्धेत त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला.

हे सर्व होस्टेलच्या अंकात कशाला, असं एखाद्या सरांना वाटेल. तर आमच्या विंगमध्ये एक मुलगा होता. देगलूर तालुक्यातलाच, कुठल्या गावचा ते सांगत नाही. त्याचे फर्स्ट इयरचे विषय राहिले, वाय.डी. लागली. घरी मात्र सेकंड इयरला गेलो म्हणून सांगितलं. दर रविवारी फोन यायचा आणि हा सांगायचा, सबमिशन चालू आहे, एम-थ्री अवघड आहे, सर चांगले आहेत. म्हणजे न बसलेल्या वर्गाचा रोजचा रिपोर्ट. बॅचमेट पुढे गेले, ज्युनिअर ओळखीचे नाहीत. आधी तो कॅरमला यायचा बंद झाला, मग मेसमध्ये सगळे उठून गेल्यावर शेवटी यायला लागला, मग डबा रूमवर. दार वाजवलं तर आतून लाइट बंद. एका खोलीत तीन पोरं असूनही हे चाललं होतं, आणि दोघे रूममेट म्हणायचे, तो घमेंडी झालाय. पायाचा ठसा बघून पळणाऱ्या माणसालाही लांबून कोणी घमेंडीच म्हणेल.

शेवटी मेकॅनिकलचा एक सीनियर दादा त्याच्या खोलीत जाऊन बसला. सलग चार संध्याकाळी नुसता बसला, स्वतःचं ड्रॉइंग काढत. पाचव्या दिवशी ह्याने सांगितलं. पुढच्या शनिवारी दोघं एस.टी.ने गावाकडं गेले. वडिलांनी ऐकून घेतलं, बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणाले, "मंग आता फी कवा भरायची ते सांग." आठ महिने जे बोलायला त्याचा जीव जात होता, ते एवढ्यावर संपलं. सगळ्यांच्या घरी असं होईल असं मी म्हणणार नाही. काही घरी फार बोलणी बसतात. पण लॉगबुक एकच राहतं.

आता थोडं कामाचं. अशा मुलाला 'काही अडचण असली तर येऊन भेट' हे वाक्य नोटीस बोर्डावर लिहून उपयोग नसतो. तो येणार नाही. न येणं हेच तर त्याच्या दुखण्याचं लक्षण. त्याच्याकडे जावं लागतं, आणि पहिल्या दिवशी प्रश्न विचारू नयेत. झोप उलटीपालटी होणं, जेवणाची वेळ चुकवणं, तारखेचं भान सुटणं, थट्टा एकदम झोंबणं, घरच्या फोनवर ठरलेलीच वाक्यं बोलणं, यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर रूममेटने रेक्टर सरांना सांगण्यात चुगली काही नाही. आणि जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी बोलला, भले हसत हसत, तर त्याला त्या रात्री एकट्याला झोपू द्यायचं नाही आणि दुसऱ्या दिवसाचीही वाट बघायची नाही. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. 'येऊलालो-करूलालो'वालं मराठी असलं तरी चालतं.

रेक्टर सरांना एक सूचना आहे. मेसच्या रजिस्टरमध्ये कोण किती दिवस जेवायला आला नाही हे रोज लिहिलं जातं, आणि ते महिन्याअखेरी फक्त बिलाचे कट मोजायला उघडलं जातं. ते दर सोमवारी एकदा बघावं. ज्याच्या नावापुढे सलग तीन दिवस रिकामे आहेत आणि जो गावी गेलेला नाही, त्याच्या खोलीवर त्या संध्याकाळी कोणीतरी चहा घेऊन जावं.